मोबदला उचलताना सहीखाली काय लिहिलंत?

रस्ता रुंदीकरणात घराचा पुढचा भाग आणि दोन गाळे गेले, निवाडा (मोबदला ठरवणारा अधिकृत आदेश) होऊन नऊ महिने झाले, पैसे खात्यात जमा झाले, आणि आता शेजाऱ्याचा वकील म्हणतोय रेट फार कमी लावलाय, तर वाढवून मागता येईल का, असं एका वाचकाने विचारलंय. असा प्रश्न मला दर महिन्याला येतो, फक्त कुठे रस्ता असतो, कुठे नाला, कुठे उड्डाणपूल.

चार पानं लिहिलीत तुम्ही. आजोबांनी जागा कधी घेतली, मोजणीला कोण आलं होतं, साहेब काय बोलले, सगळं आहे त्यात. पण पैसे उचलताना कशावर सही केली याबद्दल एकच ओळ, "त्यांनी दाखवलं तिथे सह्या केल्या." अहो, सगळी केस त्या कागदावर आहे!

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ७७ आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की ज्याने मोबदला निषेध न नोंदवता घेतला त्याला कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येणार नाही. म्हणजे सही करताना वर एक ओळ, "ही रक्कम हरकत राखून, निषेध नोंदवून स्वीकारत आहे", एवढी हाताने लिहिली असती तरी चाललं असतं, आणि ते लिहायला ना वकील लागतो ना स्टॅम्प पेपर. तिथला क्लार्क म्हणतो असं लिहिलं तर पैसे अडकतील, आणि लोक घाबरून खोडतात. पैसे अडवण्याचा त्याला काही अधिकार नाही, निषेधासह रक्कम घेता येते हे कायद्यातच लिहिलंय.

आता नसेल लिहिलं तर सगळं संपलं का? लगेच तसं म्हणणार नाही. १९९४ मध्ये अजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की वाढीव मोबदल्याचा अर्ज केला यातच निषेध आला. ते जुन्या १८९४ च्या कायद्याखालचं आहे, तुमच्याकडे अर्जच नाही अजून, आणि समोरचा वकील नेमकं हेच बोलणार. त्यामुळे त्यावर विसंबू नका, पण सोडूही नका. निवाड्याआधी तुम्ही दराबद्दल लेखी हरकत दिली होती असं पान तीनवर ओझरतं लिहिलंय, त्याची पोच असलेली प्रत शोधा, ती खूप कामाची आहे.

दुसरी गोष्ट मुदत. निवाडा दिला तेव्हा तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर असेल तर सहा आठवडे. नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, जे आधी संपेल ते. (इथे कायदा लिहिणाऱ्यांनी कलम २१ ची, म्हणजे लोकांचे दावे मागवणारी नोटीस म्हटलंय, जी निवाड्याच्या आधीच निघते, आता यावर काय बोलायचं.) म्हणजे कसंही मोजलं तरी नऊ महिन्यांत तुमची मूळ मुदत गेलेली आहे. नवीन कायद्यात एक खिडकी ठेवलीय, सबळ कारण असेल तर जिल्हाधिकारी पुढच्या एका वर्षात अर्ज घेऊ शकतात. ते वर्ष सहा आठवडे संपल्यापासूनच धरा, म्हणजे साधारण चार महिने उरलेत. "माहीत नव्हतं" हे सबळ कारण नाही. निवाड्याची प्रतच दिली नव्हती, रक्कम कशी काढली ते कळलंच नव्हतं, हे असेल आणि कागदावर दाखवता येत असेल तर चालू शकतं. निवाड्याची तारीख म्हणजे त्यात काय आहे ते पक्षकाराला कळलं ती तारीख, असं सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच सांगितलंय.

म्हणून या आठवड्यात भूसंपादन अधिकाऱ्याकडे नकलेचा अर्ज टाका, निवाडा, नोटिसांची पोच, आणि पैसे दिल्याची पावती तुमच्या सहीसकट. पावती बघेपर्यंत बाकी सगळं हवेत आहे. आणि तो निवाडाच आहे ना तेही बघा, थेट खरेदीचं खत करून दिलं असेल तर कलम ६४ विसरा.

दर कमी आहे का, यावर मी काही बोलणार नाही. आजचा भाव कामाचा नाही, अधिसूचनेच्या, म्हणजे जागा घेणार असं सरकारने जाहीर केलं त्या तारखेचा लागतो. त्याआधीच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयात मिळणारा व्यवहाराचा उतारा) काढा, त्यातल्या चढ्या निम्म्या व्यवहारांची सरासरी धरतात. गाळ्यांत भाडेकरू असतील तर त्यांचा हक्क वेगळा आहे, त्यांना स्वतंत्र विचारू दे.

समजा अर्ज गेला. जिल्हाधिकाऱ्याने तीस दिवसांत तो प्राधिकरणाकडे, म्हणजे मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे पाठवायला हवा, प्रत्यक्षात फाईल टेबलावरच पडून राहते, तेव्हा तुम्ही थेट प्राधिकरणाकडे जायचं. नंतर तारखांवर तारखा आहेतच. वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज मिळू शकतं, तेवढाच काय तो उशिराचा दिलासा.

अर्ज फेटाळला गेला तरी शेजाऱ्यावर लक्ष ठेवा. त्याची जमीन त्याच अधिसूचनेतली असेल आणि प्राधिकरणाने त्याला वाढवून दिलं, तर कलम ७३ खाली त्या निकालापासून तीन महिन्यांत तुम्हालाही तोच दर मागता येतो, आधी अर्ज केला नसला तरी. तिथे निषेधाची अट कलमात लिहिलेली नाही. मी त्याच्याशी गोड बोलून केसची तारीख विचारत राहीन, कारण निकाल लागला हे तुम्हाला कोणी कळवायला येणार नाही.

राहिली बहीण. तिने तिचा हिस्सा अजून उचललेला नाही आणि तो जमा करून ठेवलाय, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, हे खरं तर पहिल्या ओळीत हवं होतं. तिने पैसे जरूर घ्यावेत, निषेध लिहूनच घ्यावेत, आणि तिचा अर्ज आत्ताच जाऊ दे, मुदत तिलाही लागू आहे. आणि त्या अर्जावर तिची स्वतःची सही घ्या, तिच्या वतीने तुम्ही करू नका.