पेलेट ग्रिल किती वर्षं टिकतं आणि गंज नेमका कुठून येतो

तुमचा प्रश्न वाचला. ह्यूस्टनजवळ लीग सिटीला राहता, पेलेट ग्रिल (दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारं) घेऊन जेमतेम दीड वर्ष झालंय, कव्हर कायम घातलेलं असतं आणि तरी ड्रिप ट्रे, म्हणजे चरबी टपकते तो ट्रे, उचलल्यावर खाली तांबडे पोपडे दिसले, त्याचा फोटोही टाकलात, म्हणून विचारताय की अशी ग्रिल्स टिकतात तरी किती, आणि हे काढून नवीन घ्यावं का. आधी उत्तर सांगतो, फेकू नका, बहुतेक वाचेल. आणि कव्हर असूनही गंज आला असं तुम्हाला वाटतंय पण थोडाफार तो कव्हरमुळेच आलेला असणार.

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत असतो, पेलेट ग्रिल वापरायला लागून १२ वर्षं होत आली. पहिलं ग्रिल चार वर्षांत गेलं, फायरपॉटच्या, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्याच्या, खालचा पत्रा इतका कुजला की बोट दाबलं तर आत गेलं. दुसऱ्याचं आता आठवं वर्ष चालू आहे आणि त्याची टाकी, म्हणजे मुख्य पिंप, अजून धड आहे. दोन्ही साधारण सारख्याच किमतीची, सारख्याच पातळ पत्र्याची, दोन्ही त्याच अंगणात त्याच पावसात उभी. फरक एवढाच की पहिल्या वेळी मी बाहेरच्या पावसाला घाबरत होतो आणि आतल्या राखेकडे बघत नव्हतो.

आता किती टिकतं याचं एकच आकडा असलेलं उत्तर नसतं कारण ग्रिल ही एक वस्तू नाहीच, त्यात दोन वेगळ्या वयाच्या गोष्टी आहेत. एक म्हणजे झिजणारे भाग, पेलेट पेटवणारा इग्नायटर, हवा देणारा पंखा, तापमान बघणारा प्रोब, पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूची म्हणजे ऑगरची मोटर, कंट्रोलर, आणि स्वतः फायरपॉट. हे सगळे बदलता येतात, चार स्क्रू काढायचे आणि नवीन बसवायचे, माझे दोन इग्नायटर आणि एक पंखा आत्तापर्यंत बदलून झालेत आणि ते मी ग्रिल बिघडलं असं धरतच नाही, गाडीचे टायर बदलतो तसं ते. दुसरी गोष्ट म्हणजे टाकी, मुख्य पिंप. ते भोकं पडून गेलं की ग्रिल गेलं, मग बाकी सगळं चालू असलं तरी उपयोग नाही. म्हणून ग्रिलचं आयुष्य म्हणजे त्या पिंपाच्या तळाचं आयुष्य, एवढं डोक्यात ठेवलं की काय सांभाळायचं ते आपोआप कळतं.

पत्र्याची जाडी महत्त्वाची आहे हे मान्य. २० गेजचा पत्रा म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर, १० गेजचा जवळजवळ ३.४ मिलिमीटर, त्यामुळे जाड पत्र्याचं जड ग्रिल निष्काळजीपणा जास्त वर्षं सोसतं. ओरेगनमधल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात हे ग्रिल बनवलं, त्यांचं पेटंट २००६ च्या सुमारास संपलं आणि मग बाजारात इतर कंपन्यांची ग्रिल्स आली, स्वस्तातलीही भरपूर आली, आणि स्वस्त करायचं तर पहिली कात्री पत्र्यालाच लागते. पण पातळ पत्र्याचं ग्रिल वाईट असं मी म्हणणार नाही, माझं स्वतःचं तसलंच आहे.

आता गंज कुठून येतो. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा लागते हे शाळेत शिकलोय, पण ग्रिलमध्ये पाणी फक्त पावसाचं नसतं. लाकूड जळताना स्वतःच पाणी तयार करतं, एक किलो पेलेट जळले की साधारण अर्धा किलो पाण्याची वाफ होते, ग्रिल गरम असेपर्यंत ती धुरांड्यातून निघून जाते पण शेवटी जे उरतं ते थंड होणाऱ्या पत्र्यावर बसतं, आणि त्यात धुरातलं ॲसिटिक ॲसिडही असतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. त्यावर आपल्याकडची हवा. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, ७५ फॅरनहाइटच्या आसपास असतो, रात्री पत्रा निवला की सकाळी त्याला चक्क घाम येतो, तोही आतून. तुमच्याकडे तर गॅल्व्हस्टन बेचा खारा वारा वर.

आणि या सगळ्यात खरा खलनायक राख. चांगल्या पेलेटची राख एक टक्क्याहून कमी पडते म्हणून आपण दुर्लक्ष करतो, दिसायला पण ती कोरडी पांढरी पावडर. पण राखेत पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. ज्यांच्या घरी चूल होती त्यांना हे सांगायला नको, पावसाळ्यात चुलीतली राख दोन दिवस तशीच राहिली की ती दमट होऊन गठ्ठा धरते. ग्रिलच्या तळाशी तेच होतं, राख आणि टपकलेली चरबी यांचा ओलसर थर पत्र्याला चिकटून आठवडेच्या आठवडे बसतो, म्हणजे ओलं फडकं पत्र्यावर टाकून ठेवल्यासारखंच. गंज तिथूनच सुरू होतो, ट्रेखाली, फायरपॉटच्या भोवती, जिथे आपली नजर जात नाही. तुमच्या फोटोतला पट्टा बरोब्बर तिथेच आहे.

आपल्या लोकांच्या बाबतीत अजून एक कारण आहे जे अमेरिकन शेजारी सांगणार नाही. आपण दही, लिंबू, मीठ लावलेलं चिकन नाहीतर पापलेट ग्रिलवर टाकतो, ते मॅरिनेशन खाली टपटपतं, आणि मीठ अधिक आंबट म्हणजे धातूला सगळ्यात वाईट जोडी. स्टीलवर पण. स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं नसतं, ३०४ ग्रेडमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं ते बऱ्यापैकी टिकतं, ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतंच, त्याला चुंबक घट्ट चिकटतो, ३०४ ला बहुधा चिकटत नाही. पण मिठाने दोघांनाही बारीक टिपके पडतात, ४३० ला लवकर. मी मॅरिनेशनचं काही केलं की त्याच रात्री जाळी पुसतो, सकाळवर ढकलत नाही. वांगं भाजलं, कणसं भाजली तर मात्र एवढी घाई करत नाही.

तर मी काय करतो ते सांगतो. स्वयंपाक झाला की शटडाउन पूर्ण होऊ द्यायचं, मधेच प्लग काढायचा नाही, पंखा दहा-पंधरा मिनिटं चालतो तो फायरपॉटमधले उरलेले पेलेट जाळून टाकायला असतो. दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावर आणि प्लग काढून, जाळ्या आणि ट्रे बाहेर काढून तळातली राख छोट्या शॉप व्हॅक्युमने ओढून घ्यायची. थंड झाल्यावर म्हणजे खरंच थंड झाल्यावर, राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो आणि व्हॅक्युमच्या पिशवीला आग लागल्याचे प्रकार होतात, म्हणून मी २४ तास जाऊ देतो आणि राख झाकणवाल्या पत्र्याच्या डब्यातच टाकतो, प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात कधीच नाही. प्रत्येक वेळी एवढं जमत नसेल तर दर दोन-तीन वेळांनी तरी करा, पण ग्रिल महिनाभर वापरणार नसाल तर आधी राख काढाच. राखेसकट बंद करून ठेवलेलं ग्रिल हे माझ्या पहिल्या ग्रिलचं मरण होतं, आम्ही पाच आठवडे पुण्याला गेलो होतो आणि परत येऊन ट्रे उचलला तर खाली ओल्या चिखलासारखा थर.

ट्रेवर ॲल्युमिनियम फॉइल लावता का? बरेच जण लावतात, साफसफाईला सोपं जातं हे खरं, पण तेच फॉइल महिनोन्‌महिने ठेवू नका, फॉइल आणि ट्रे यांच्यामध्ये खारट चरबी आणि पाणी अडकतं आणि वरून काही दिसत नाही. दोन वेळा वापरलं की काढायचं.

आता कव्हर. कव्हर पाऊस अडवतं तसं आतला ओलावाही अडवतं. गरम ग्रिलवर कव्हर घालणं सगळ्यात वाईट, सगळी वाफ आतच राहते आणि कव्हरही वितळतं ते वेगळं. पाऊस पडून गेला, ऊन आलं की मी कव्हर काढून झाकण उघडून ग्रिल तासभर वाळू देतो, घरी असलो की हे जमतंच. पाऊस नसला तरी आठवड्यातून एकदा कव्हर उघडायचं. आणि जमलं तर कव्हरपेक्षा छप्पर बरं, नुसता वरून आडोसा आणि बाजूने वारा खेळता, त्यासारखं काही नाही. कोकणात पावसाआधी दुचाकीवर ताडपत्री टाकून घट्ट बांधून ठेवली तर सप्टेंबरात काय अवस्था असते ते माझ्या वडिलांना विचारा, ते रत्नागिरीत उभं आयुष्य खिडक्यांच्या ग्रिलला रेड ऑक्साइड मारत आलेत आणि त्यांचं पहिलं वाक्य असायचं की वारा लागू दे. लॉनचे स्प्रिंकलर पण एकदा बघून घ्या, माझ्या शेजाऱ्याच्या ग्रिलचे दोन पाय रोज पहाटे भिजत होते आणि त्याला वर्षभर पत्ता नव्हता.

हॉपरमध्ये, म्हणजे पेलेट भरतो त्या पेटीत, पेलेट ठेवून देऊ नका हे गंजाइतकंच महत्त्वाचं. पेलेट म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा, लाकडातल्याच लिग्निनने धरून ठेवलेला, पाणी लागलं की फुगून परत भुसा होतो आणि ऑगरच्या नळीत सुकला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं तेव्हा आमची लाइट बरेच दिवस नव्हती, माझ्या हॉपरमध्ये अर्धी पिशवी तशीच होती, झाकणाच्या फटीतून पाणी शिरलं आणि मला ऑगर बाहेर काढून लाकडी ठोकळ्याने ठोकून ठोकून नळी मोकळी करावी लागली, पूर्ण दिवस गेला आणि ऑगरच्या दांड्यावर गंज धरला तो धरलाच. तेव्हापासून वादळाची बातमी आली की हॉपर रिकामा, पेलेट घट्ट झाकणाच्या बादलीत घरात. चांगला पेलेट मोडला की कट्‌कन तुटतो आणि अंगाला चकाकी असते, नुसता चुरा होत असेल तर ग्रिलमध्ये घालू नका. आणि स्वयंपाक चालू असताना लाइट गेली असेल तर परत पेटवण्याआधी फायरपॉट रिकामा करायचा, नाहीतर साठलेले पेलेट एकदम पेट घेतात.

तुमच्या आत्ताच्या गंजाचं काय करायचं. सगळं काढून राख साफ करा, मग तारेच्या ब्रशने सुटे पोपडे काढा, आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन गंजलेल्या जागी टोचून बघा, बऱ्यापैकी जोर लावून. पत्रा टणक लागला तर गंज वरवरचा आहे. टोक आत गेलं किंवा पत्रा दबला, आणि ते फायरपॉटच्या जवळ किंवा हॉपरच्या जोडापाशी असेल, तर तिथून निखारा आणि चरबी बाहेर येऊ शकते, मग मात्र ते ग्रिल वापरू नका. दीड वर्षात तिथपर्यंत गेलं असेल असं मला वाटत नाही.

वरवरचा असेल तर आतल्या बाजूला रंग मारायचा नाही, तेल. बिडाचा तवा जसा घरात मुरवतात अगदी तसंच, पातळ, म्हणजे फडक्याने लावून परत कोरड्या फडक्याने जवळजवळ पुसून टाकायचं, कनोला किंवा कुठलंही साधं रिफाइंड तेल चालेल, मग ग्रिल ३५० ते ४०० फॅरनहाइटला तासभर चालवायचं. असं दोन-तीनदा केलं की काळसर थर बसतो. जाड तेल लावलं तर चिकट राहतं आणि त्यावर राख बसते, म्हणजे मूळ पदावर. फायरपॉटच्या आत तेल लावून काही उपयोग नाही, तिथलं सगळं जळून जातं, तो तांबडा दिसणारच, भोक पडलं की बदलायचा. बदलताना एक लक्षात ठेवा, आत कुठेही जस्त चढवलेले म्हणजे गॅल्व्हनाइज्ड नट-बोल्ट वापरू नका, खूप तापल्यावर जस्ताचा धूर होतो आणि तो आरोग्याला वाईट, स्टेनलेसचे घ्या.

बाहेरून जिथे टवका उडालाय तिथे मात्र रंग. पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, ॲसिटोनने पुसा, आणि ग्रिलसाठी मिळणारा हाय हीट स्प्रे मारा, १२०० फॅरनहाइट सोसणारा होम डेपोत मिळतो. दोन पातळ हात, एक जाड नको. साधा रंग मारलात तर पहिल्याच वेळी पापुद्रे निघतील. स्टेनलेसचे भाग लोखंडी काथ्याने घासू नका, त्याचे बारीक कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच गंजतात, आणि ब्लीचवालं क्लीनर अजिबात नको, त्यातल्या क्लोराइडने पण टिपके पडतात.

रंगाचं काम आत्ता दमट दिवसांत करू नका, पहिला थंड कोरडा वारा सुटला की करा, इथे ऑक्टोबरात एखादा तरी आठवडा तसा मिळतो. राख काढणं आणि टोचून बघणं मात्र या शनिवारीच उरका, आणि फायरपॉट काढून खालच्या पत्र्याचा उजेडात एक फोटो टाका, तुमच्या पहिल्या फोटोत तेवढाच भाग सावलीत गेलाय.