केना मरत नाही, मग डोस वाढवू का?

सोयाबीन तीन-चार पानांवर आले की तणनाशकाचे प्रश्न सुरू होतात. या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे इथे देत आहे. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण तो थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांनी विचारला आहे.

प्रश्न : तीन वर्षांपासून सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर हे तणनाशक मारतो. पहिल्या वर्षी रान साफ झाले होते. यंदा फवारून आठ दिवस झाले तरी केना हे तण हिरवेच आहे. डोस दुप्पट करून पुन्हा मारू का?

नका मारू. दुप्पट डोसाने सोयाबीन पिवळे पडते, त्याची वाढ थबकते आणि औषधाचा अंश जमिनीत रब्बीपर्यंत राहतो. शिवाय आठ दिवसांत निकाल लावता येत नाही. इमॅझेथापायर तणाला जाळत नाही, त्याची वाढ थांबवते. आधी शेंडा पिवळा किंवा जांभळट पडतो आणि पूर्ण वाळायला दोन-तीन आठवडे जातात. तेव्हा पाने पाहू नका, शेंडा पाहा. नवे पान फुटत नसेल तर औषध लागू पडले आहे.

तीन आठवड्यांनीही केना उभाच असेल तर रानात फिरून तो कसा वाचला आहे ते बघा. पट्ट्यापट्ट्याने वाचला असेल तर दोष नोझलचा किंवा चालण्याचा. केन्यासोबत माठ, कुंजरू, गवत असे सगळेच वाचले असेल तर डोस, पाणी किंवा वेळ चुकली. फक्त बारीक रोपे दिसत असतील तर ती फवारणीनंतर उगवलेली आहेत. केना सगळ्या पावसाळ्यात टप्प्याटप्प्याने उगवतो. मात्र बाकीची तणे मेली आहेत, केन्याचीही काही झाडे मेली आहेत आणि त्यांना खेटून त्याच वयाची दुसरी झाडे जोमात आहेत, असे दिसले तर तणात औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याची शंका घ्यायला जागा आहे. अशी झाडे फुलावर येण्याआधी उपटून बांधाबाहेर न्या आणि पुढच्या वर्षी त्या रानात हे औषध वापरू नका.

माझ्या पाहण्यात बहुतेक तक्रारी डोसापाशीच अडतात. इमॅझेथापायर 10 टक्के एकरी 400 मिली सांगितले आहे. दुकानात त्याचे ‘पंपाला 40 मिली’ होते. हे गणित एकराला 15 लिटरचे दहा पंप पडले तरच बरोबर. चार्जिंग पंप घेऊन भराभर चालणारा माणूस सहा पंपांत एकर उरकतो, म्हणजे रानात 240 मिलीच औषध पडते. एवढ्याने कोवळी झाडे मरतात, थोडी दणकट असलेली वाचतात आणि बी धरतात. पुढच्या वर्षी त्यांचीच पैदास. खरी प्रतिकारशक्ती अशी तुमच्याच बांधात तयार होते.

म्हणून फवारणीआधी एकदा साध्या पाण्याने मोजून घ्या. 66 फूट बाय 66 फूट म्हणजे चार गुंठे, एकराचा दहावा हिस्सा. नेहमीच्या चालीने तेवढ्यावर पाणी मारा. जेवढे लिटर लागले त्याच्या दहापट पाणी तुमच्या एकराला लागते. तितक्या पाण्यात 400 मिली वाटून टाका. नोझल फ्लॅट फॅनचे, म्हणजे चपट्या फवाऱ्याचे हवे. कीटकनाशकाचे गोल फवाऱ्याचे नोझल तणनाशकाला चालत नाही. पंपासोबत तेच येते म्हणून तेच वापरले जाते. जमिनीत ओल हवी आणि तण दोन ते चार पानांवर हवे. वीतभर वाढलेल्या केन्यावर मारून औषधाला नावे ठेवू नका.

प्रश्न : दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे, महागातले औषध दिले. तरी केन्यावर फरक नाही. असे का?

बाटली बदलली, गट बदलला नाही. कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात तांत्रिक नाव असते, ते वाचा. इमॅझेथापायर, इमॅझामॉक्स, क्लोरीम्युरॉन, डायक्लोसुलम ही नावे चार असली तरी सगळ्यांचा घाव तणाच्या एकाच जागी बसतो. एकाला दाद न देणारे तण दुसऱ्यालाही जुमानत नाही, असे बरेचदा घडते. इमॅझेथापायर आणि इमॅझामॉक्स यांच्या जोड औषधातही गट एकच.

दुसरा गट शेवटी ‘फॉप’ असलेल्यांचा : क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, फ्लुझीफॉप. ही फक्त गवतावर चालतात, केन्यावर नाहीत. म्हणून प्रोपाक्विझाफॉप अधिक इमॅझेथापायर असे मिश्रण मारले तरी केन्यापुरते तुम्ही एकटे इमॅझेथापायरच मारता. तिसरा गट फोमेसाफेन, ॲसिफ्लोरफेन, सल्फेन्ट्राझोनचा, त्याचा मारा वेगळ्या जागी.

केना डोईजड झालेल्या रानात पुढच्या वर्षी पेरणीनंतर, उगवणीआधी, ओल असताना सल्फेन्ट्राझोन 39.6 टक्के एकरी 300 मिली घ्या. यंदा उभ्या पिकात केना लहान असेल तर फ्लुझीफॉप अधिक फोमेसाफेन हे तयार मिश्रण एकरी 400 मिली चालेल. सोयाबीनच्या पानांवर थोडे चट्टे पडतील, ते आठवड्याभरात भरून निघतात. कोणत्या रानात कोणत्या वर्षी काय मारले ते वहीत लिहून ठेवा. पावतीवर भरवसा नको, ती पहिल्या पावसात भिजते.

तण औषधाला दाद देईनासे होणे हे आपल्याकडे फारच दूरचे वाटत असेल तर पंजाब-हरियाणाच्या गव्हाचे उदाहरण घ्या. तिथे भात-गहू, भात-गहू असे वर्षानुवर्षे चालले आणि गव्हातल्या गुल्लीडंडा गवतावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते गवत त्याला बधेना. काही शेतकऱ्यांनी गहू हिरवाच कापून जनावरांना घातला. मग क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन अशी नवी औषधे आली. काही वर्षांनी त्यांनाही दाद न देणारे गुल्लीडंडा सापडू लागले. फायदा झाला तो पीक बदलणाऱ्यांना. गव्हाऐवजी बरसीम घेतला की चाऱ्याच्या प्रत्येक कापणीत गवत बी धरण्याआधीच कापले जायचे. आपल्याकडे सोयाबीनच्या रानात एखादे वर्ष मका किंवा ज्वारी घेतली तर औषधाचा गट आपोआप बदलतो. भावाचे गणित मला कळते, पण सगळे रान नको, निदान केन्याने भरलेला तुकडा तरी बदला.

प्रश्न : डवरणी केली तर केना कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

ओल्यात डवरले असणार. केन्याच्या कांडीचा प्रत्येक तुकडा ओल्या मातीत मुळ्या धरतो. वर निळी फुले दिसतात, तशीच जमिनीखालीही फुले येऊन बी तयार होते, म्हणून नुसता शेंडा खुडून उपयोग नाही. वापसा आल्यावर, दोन दिवस ऊन राहील असा अंदाज घेऊन डवरा. मागून बाया लावून मुळासकट वेचून घ्या आणि तो बांधावर टाकू नका. जनावरे आवडीने खातात, पण त्यावर तणनाशक पडलेले नसेल तरच घाला. मजुरी परवडत नाही हे मान्य, पण वाचलेली मोजकी झाडे उपटायला फार माणसे लागत नाहीत. पीक 40-45 दिवसांचे होईपर्यंत रान स्वच्छ राहिले की सोयाबीनच्या सावलीत नंतरचे तण डोके काढत नाही.

प्रश्न : तणनाशकात अळीचे औषध आणि विद्राव्य खत एकत्र चालेल का?

लेबलवर लिहिलेले नसेल तर नाही. फेरी वाचते, पण पीक करपले तर कोणत्या औषधाने करपले तेही कळत नाही.

प्रश्न : इमॅझेथापायर मारलेल्या रानात रब्बीला मोहरी किंवा कांदा घ्यायचा आहे.

ही दोन्ही पिके जमिनीत उरलेल्या औषधाच्या अंशाला नाजूक आहेत. पाऊस कमी झाला किंवा फवारणी उशिरा झाली तर धोका वाढतो. त्या रानात हरभरा किंवा गहू घ्या. कांद्यासाठी दुसरे रान नसेलच तर आधी त्या मातीच्या दोन कुंड्या भरून त्यात मोहरी पेरा आणि पंधरा दिवस रोपे कशी वाढतात ते पाहून ठरवा.