४३ मेसेज, दोन उत्तरं

“मॅडम, मुंबईत कुणाला कुणाची पडलेली नाही हो.” माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत शिरताना तिचं पहिलं वाक्य हे होतं. ओली छत्री कोपऱ्यात ठेवायच्या आत तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला.

वय ३६, राहायला डोंबिवली. फोर्टमधली बारा वर्षांची नोकरी सोडून ती जुन्या मुंबईचे हेरिटेज वॉक घ्यायला लागली होती. अभ्यास पक्का. १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसणारी केशवजी नाईकांची चाळ, खोताची वाडी, गिरगावातल्या गल्लीबोळांची नावं, सगळं तोंडपाठ. पण पहिल्या वॉकला चार माणसं आली, त्यात दोन तिच्या मावसबहिणी. मग तिनं शहरात वॉक घेणाऱ्या आणि मुंबईवर लिहिणाऱ्या ४३ जणांना मेसेज पाठवला. दोघांची उत्तरं आली, त्यातलं एक म्हणजे नुसता अंगठा. तेव्हापासून झोप उडाली होती. रात्री दोनला उठून मेसेज कुणी वाचलाय, कुणी नाही, हे ती बघत बसायची.

(तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी तो मेसेज मोठ्यानं वाचला. “नमस्कार, तुमचं काम मला खूप आवडतं. मी गिरगावात हेरिटेज वॉक सुरू केला आहे. सोबतचं पोस्टर तुमच्या ग्रुपवर टाकाल का?” एवढाच. गिरण्यांवर लिहिणाऱ्याला हाच आणि शिवडीचे फ्लेमिंगो दाखवणाऱ्यालाही हाच.

“यातल्या किती जणांच्या वॉकला तुम्ही गेलाय?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “एकाच्याही नाही. वेळच कुठे होता?”

तिला मतलबी म्हणणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं. नोकरी सोडताना आठ महिन्यांचा खर्च बाजूला काढला होता, त्यातले चार संपले होते. घाबरलेल्या माणसाला समोरचा कोण आहे ते दिसत नाही, त्याच्याकडे किती मोठा ग्रुप आहे तेवढं दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं, घरून केक विकणारीपासून चित्रं काढणाऱ्या मुलापर्यंत, हेच होतं.

मी तिला तिच्या लोकलबद्दल विचारलं. बारा वर्षं एकच लेडीज डबा, म्हणजे ग्रुप असणारच. तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. वडिलांच्या बायपासच्या वेळी डब्यातल्या सहा जणींनी रक्त दिलं होतं. एकीनं तर आठ दिवस हॉस्पिटलात डबा पोचवला होता.

“त्यांना काय मेसेज पाठवला होतात?”

“मेसेज कसला! मी खिडकीशी गप्प बसले होते, तर त्यांनीच विचारलं.”

इथे मी तिला कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा अभ्यास सांगितला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत लागते, जवळच्या मैत्रीला २०० च्या वर, असा त्यांचा अंदाज आहे. तोही नुसत्या कामाच्या तासांचा नाही, गप्पा आणि थट्टामस्करीच्या तासांचा. डोंबिवलीहून फास्ट लोकलनं सीएसएमटी सव्वा तास. सकाळच्याच गाडीचे धरले तरी चाळीस फेऱ्यांत ५० तास भरतात. डब्यातल्या बायकांना तिनं बारा वर्षं दिली होती. त्या ४३ जणांना मेसेज टाइप करायला लागला तेवढाच वेळ.

हे तिला पटलं, आणि पटल्याबरोबर तिनं तो प्रश्न विचारला जो माझ्यासमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. “पण मॅडम, आता मला काम आहे म्हणून मी त्यांच्याशी ओळख वाढवायची, हे नाटकच झालं ना?”

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. ज्यांना तो पडतो त्यांच्यात खोटेपणा सहसा नसतो. पण त्याच भीतीनं ती माणसं दोन टोकांना जातात. एक तर कुणाशी बोलतच नाहीत, नाहीतर डोळे मिटून ४३ मेसेज पाठवून मोकळी होतात. मी तिला म्हटलं, घरी जाऊन यादीतल्या प्रत्येक नावापुढे एका प्रश्नाचं उत्तर लिहा: या माणसानं तुमचं काम कधीच केलं नाही, तरी याच्या वॉकला जायला तुम्हाला आवडेल का?

यादीत पाच नावं उरली. बाकीच्या ३८ जणांचा नाद सोडला तेव्हा तिला हायसं वाटलं. “हे मला करायचंच नव्हतं,” असं ती म्हणाली.

इथपर्यंत ठीक. पुढची चूक मात्र माझी. या पाच जणांसाठी आधी तुम्ही काहीतरी करा, असं मी सांगितलं, आणि ते अर्धवट सांगितलं. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. वहीत रकाने: नाव, मी काय केलं, त्यांनी काय केलं. एका बाईंच्या वॉकला तिनं तीन माणसं नेली होती, समोरचा रकाना रिकामा होता, आणि त्या रिकाम्या रकान्याचा राग तिच्या बोलण्यात आला होता.

मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक प्रयोग मांडला होता. समोरच्याला जवळीक हवी असताना आपण त्याच्या मदतीची तिथल्या तिथे परतफेड केली, तर आपण त्याला उलट कमीच आवडतो. चाळीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शेजारणीनं वाटीभर खीर दिली की वाटी रिकामी परत करायची नाही, हे जितकं खरं, तितकंच पाचव्या मिनिटाला लाडू घालून ती परत करायची नाही, हेही खरं. वाटी चार दिवस घरात राहते. या घरचं त्या घरी थोडं बाकी असतं, म्हणून तर येणं-जाणं चालू राहतं.

ती हसली. “आमच्याकडे अजून एका काकूंचं पातेलं आहे. गेल्या गणपतीपासून.” वही बंद झाली.

त्यानंतर तिनं जे केलं ते माझ्या सल्ल्यातलं नव्हतं. पाचांपैकी एक गृहस्थ परळच्या बीआयटी चाळींवरून वॉक घेतात. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे बीआयटी, आला, त्यानं बांधलेल्या या चाळी. परळच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर दोन दशकं राहिले. ती वॉकला गेली आणि नुसतं ऐकलं. घरी येऊन आईची ट्रंक उघडली. पणजोबा आग्रीपाड्याच्या बीआयटी चाळीत भाडेकरू होते, त्यांची ट्रस्टची एक भाडेपावती त्यात होती, घडीवर फाटलेली. तिचा फोटो तिनं त्यांना पाठवला. सोबत दोनच ओळी: “काल तुम्ही ट्रस्टच्या भाड्याबद्दल बोललात. आमच्या घरात हे निघालं, तुम्हाला बघायला आवडेल असं वाटलं.” पोस्टर नाही, लिंक नाही. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला आणि पाऊण तास चालला.

पुढचे चार महिने ती त्या पाच जणांत वावरली. कुणाच्या वॉकला मागे राहिलेल्या आजींचा हात धरून चालली, तर कुणाला नकाशातली चूक एकट्यात, फोन करून सांगितली. नोव्हेंबरात तिनं पहिल्यांदा काही मागायचं ठरवलं, आणि ते कसं मागावं यावर आम्ही एक अख्खं सत्र घालवलं. ठरलं ते असं: एकाच माणसाला, एकच गोष्ट, आणि ‘नाही’ म्हणायला सोपी. जिच्या वॉकला तिनं तीन माणसं नेली होती, त्या बाईंना तिनं लिहिलं, “ताई, माझ्या डिसेंबरच्या वॉकबद्दल तुमच्या ग्रुपवर सांगाल का? या महिन्यात जमत नसेल तर खरंच काही नाही.”

ताईंचं उत्तर आलं, “या महिन्यात नको गं. माझाच वॉक भरत नाहीये.”

मला तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी जरा धास्तावलेच. ४३ वेळा नकार पचवलेली बाई, आता हा चव्वेचाळिसावा. पण तिच्या आवाजात वहीतल्या रकान्याचा राग नव्हता. “त्यांचा भरत नाहीये म्हणाल्या हो,” ती काळजीनं म्हणाली.

रविवारी सकाळी तिचा फोटो आला. बाणगंगेच्या पायऱ्यांवर ताई बोलतायत, समोर जेमतेम आठ माणसं, आणि आठवी ही, खांद्यावर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांची पिशवी.