सोनोग्राफीतल्या ‘गाठी’ आणि लांबणारी पाळी

प्रश्न : माझे वय २६ आहे. पाळी दोन-दोन, कधी चार महिने येत नाही आणि हनुवटीवर राठ केस उगवतात. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत गाठी दिसल्या. वजन बेताचेच आहे, तरी हा पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने अंडाशयाचे काम बिघडणे) कसा? गाठी काढाव्या लागतील का? पुढे मूल होईल ना?

उत्तर : तुम्हाला आजारापेक्षा ‘गाठी’ या शब्दानेच अधिक घाबरवलेले दिसते. अहवालात ज्यांना गाठी म्हटले आहे, त्या वाढ अर्ध्यावर थांबलेल्या, जेमतेम २ ते ९ मिलिमीटरच्या स्त्रीबीजाच्या पिशव्या असतात आणि त्या काढायच्या नसतात. किंबहुना लांबणारी पाळी आणि राठ केस ही दोन लक्षणे असताना, थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन (अंगावरचे दूध तयार करवणारे संप्रेरक) यांच्या बिघाडासारखी अन्य कारणे रक्ततपासणीने वगळली, की निदानासाठी सोनोग्राफीची गरजही उरत नाही.

शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसेल, तर रक्तातील इन्सुलिन वाढते, ते अंडाशयाला अधिक पुरुषी संप्रेरके तयार करायला लावते आणि त्यामुळे स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडणे लांबते. हे सडपातळ स्त्रीमध्येही घडू शकते, म्हणून वजन बेताचे असले तरी साखरेची तपासणी टाळू नका. ज्यांचे वजन जास्त आहे, त्यांची पाळी वजन ५ ते १० टक्के घटल्यावरही पुष्कळदा सुधारते. तुम्ही मात्र उपाशी राहून वजन उतरवण्याच्या मागे लागू नका, नियमित व्यायाम पुरे.

मला अधिक काळजी वाटते ती चार महिन्यांच्या खंडाची. स्त्रीबीज बाहेर पडले नाही, तर गर्भाशयाच्या अस्तराची वाढ आवरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर साचून जाड होत राहते आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. ते प्रोजेस्टेरॉनचा छोटा क्रम किंवा संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या सुचवतील. गोळ्या थांबवल्यावर पाळी पुन्हा लांबली, तर त्या निष्फळ ठरल्या असे समजू नका, कारण त्या अस्तराचे रक्षण करतात, मूळ प्रवृत्ती पुसत नाहीत. केसांवर त्यांचा परिणाम दिसायला सहा महिने तरी जातात.

मुलाबाबत म्हणाल, तर पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होते. काहींना स्त्रीबीज पक्व होण्यासाठी लेट्रोझोलसारखे औषध लागते. पाळी अनियमित असली तरी स्त्रीबीज मधूनच बाहेर पडू शकते, त्यामुळे तूर्त मूल नको असेल, तर गर्भनिरोधनात ढिलाई नको.