सरपंच असताना बाळंतपण आलं, तर राजीनामा द्यावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सातवा महिना सरत आलाय, सरपंचपदाची मुदत अजून बरीच आहे आणि घरचे म्हणतात, "राजीनामा दे, लेकरू आधी." करवीर तालुक्यातल्या एका गावाची मी सरपंच होते, थोरली लेक त्याच काळात झाली. राजीनामा अजिबात देऊ नका. रजा घ्या, आणि तीही लेखी.

नोकरदार बायकांची 26 आठवड्यांची प्रसूती रजा आपल्याला लागू नाही, कारण आपण कुणाच्या नोकरीत नाही. पण ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 40 नीट वाचा. रजा मंजूर नसताना सलग चार महिन्यांहून जास्त गावाबाहेर राहिलात, किंवा सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलात, तर पद जातं. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. आठवा लागताच माहेरी गडहिंग्लजला गेलात आणि बाळ तीन महिन्यांचं करून परतलात, की विरोधी गटाच्या हातात आयतं कोलीत! म्हणून निघण्याआधीच्या मासिक सभेत अर्ज ठेवा, ठराव प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, चढवा, नक्कल स्वतःजवळ ठेवा. रजा सहा महिन्यांपर्यंत मिळते, तोवर उपसरपंच बघतात. (हे तिसरं अपत्य असेल तर मात्र प्रश्नच वेगळा. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या तिसऱ्या अपत्याला सदस्यत्व जातं. एका लेकरानंतर जुळी झाली तर चालतं.)

बाळापेक्षा मला त्रास झाला तो डोंगलचा, म्हणजे डिजिटल सही ज्यात असते त्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूचा. वित्त आयोगाचं पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) दोघांच्या डिजिटल सहीशिवाय जात नाही. माझी रजा सवा महिन्याचीच होती. ती संपली त्याच आठवड्यात, मी लेकीला न्हाऊ घालून धुरी देत होते, तर भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, दारात. "मॅडम, डोंगल तेवढं साहेबांकडं द्या, गटारीचं बिल थांबलंय." साहेब म्हणजे आमचे मालक. मी लॅपटॉप आत मागवला आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, दाखवा म्हटलं. मोजमापाची नोंदच झालेली नव्हती. नोंद होईपर्यंत बिल थांबलं, ठेकेदार आमच्या मालकांवर रुसला. सरपंच बायकोचा कारभार स्वतःच हाकणारे सरपंचपती असेच तयार होतात बघा, बायकोच्या सोयीसाठी म्हणून. डोंगल उशाखाली ठेवा.

तान्हं बाळ घेऊन काम करायचं म्हटलं की आमदारांचीही तीच तऱ्हा. देवळालीच्या सरोज अहिरे डिसेंबर 2022 मध्ये तान्हं बाळ घेऊन नागपूर अधिवेशनाला गेल्या. पुढं 2023 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईच्या विधानभवनातल्या हिरकणी कक्षात, म्हणजे बाळाला पाजायच्या खोलीत, धूळ आहे, हेही त्यांनाच सांगावं लागलं. आपल्या पंचायतीत निदान खोली आपल्या हातात असते. मी कॉम्प्युटरच्या खोलीत झोळी बांधून घेतली. सभा चालू असताना दोनदा उठून पाजायला गेले, कोरम काही मोडला नाही.

सोबतीला सासूबाई यायच्या. पुढं महिला ग्रामसभेत नळाच्या वेळेवरून सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता, आणि तोही माझ्याविरुद्ध!