कृष्णवर्णीय रंगभूमीत आमच्या मुलीचे काय काम?

प्रश्न : आम्ही उत्तर कॅरोलिनात राहतो. मुलगी बारावीत असून गणितात उत्तम आहे. २०२४च्या उन्हाळ्यात विन्स्टन-सेलमच्या कृष्णवर्णीय नाट्यमहोत्सवात तिने स्वयंसेवक म्हणून काम केले आणि तेव्हापासून तिला नाटकच शिकायचे आहे, तेही ग्रीन्सबरोच्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात. नाटकाचा मला तिटकारा नाही. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाची व्यवस्था मीच पाहतो. पण त्या लोकांच्या नाटकात आपल्या मुलीला भूमिका कोण देणार? आपला त्यांच्याशी संबंध काय? इंजिनिअरिंग घेतले नाही तर फी भरणार नाही, असे मी तिला सांगितले आहे. आपण तिला समजवावे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचताना मुलीच्या निवडीपेक्षा आपल्या दोन वाक्यांची मला अधिक काळजी वाटली. त्यांतले एक फी न भरण्याचे. पैशाच्या धाकाने इंजिनिअरिंगला गेलेली मुले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्याकडे येतात, तेव्हा आवडीचा विषयही हातचा गेलेला असतो आणि वडिलांशी असलेले बोलणेही. दुसरे वाक्य ‘त्या लोकांच्या नाटकात’ हे. नाटकावर पोट भरेल का, ही चिंता रास्त आहे आणि तिचे उत्तर देणे माझे काम आहे. परंतु ‘ते लोक’ या शब्दांमागची चिंता उत्पन्नाची नाही. ती आपण उत्पन्नाच्या चिंतेआड ठेवली आहे. मुलीने हे ओळखले असेल, तर आपला यापुढचा रास्त सल्लासुद्धा तिला त्याच पूर्वग्रहातून आलेला वाटेल.

संबंध काय, असे आपण विचारता. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण करून. आणि १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेवरून घेतले. नाटकापुरते बोलायचे तर जोतीरावांनी १८५५मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले आणि ते छापून यायला १९७९ उजाडले. न्यूयॉर्कमध्ये विल्यम अलेक्झांडर ब्राउन यांनी १८२१मध्ये आफ्रिकन ग्रोव्ह थिएटर हे कृष्णवर्णीयांचे नाट्यगृह सुरू केले, तेव्हा शेक्सपिअरचा प्रयोग चालू असताना पोलिसांनी नटांना पकडून नेले. ते नाट्यगृह काही वर्षांतच बंद पडले आणि ब्राउन यांनी कॅरिबियन बेटांवरील कॅरिब लोकांच्या बंडावर लिहिलेल्या नाटकाची संहिता आज कोणाकडेच नाही. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाला नाव मिळवण्यासाठी इंग्लंड गाठावे लागले, तेव्हा कुठे १८३३मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तो ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. नाकारले जाणे आणि जपले न जाणे, ही दोन्ही दुःखे आपल्या समाजालाही ठाऊक आहेत.

आता आपल्या मूळ गैरसमजाकडे वळते. नाटकात जायचे म्हणजे भूमिका करायची, असे आपण गृहीत धरले आहे. मंडळाच्या एका प्रयोगासाठी सभागृह, विमा, ध्वनिव्यवस्था आणि तिकिटे यांत किती रात्री जातात, हे आपण जाणता. तरीही मुलीचा विचार करताना आपल्याला केवळ भूमिका दिसली. कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी १९९६मध्ये प्रिन्स्टन येथील भाषणात दाखवून दिले की, अमेरिकेतील प्रादेशिक व्यावसायिक नाट्यगृहांच्या संघटनेतील ६६ संस्थांपैकी एकच कृष्णवर्णीयांची होती. ती न्यू जर्सीतील क्रॉसरोड्स. तिला १९९९मध्ये अमेरिकी रंगभूमीवरचा मानाचा टोनी पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी कर्जापायी तिला आपला नाट्यहंगाम रद्द करावा लागला. तिथे नट कमी पडले नव्हते आणि नाटककारही कमी पडले नव्हते, कमी पडली ती पैशाची व्यवस्था. याउलट बार्बरा अ‍ॅन टीअर यांनी १९६८मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत स्थापन केलेल्या नॅशनल ब्लॅक थिएटरने १९८३मध्ये स्वतःची इमारतच विकत घेतली, कारण जागा हातात नसेल तर कलेचा मुक्काम घरमालकाच्या मर्जीवर राहतो, हे त्यांना कळले होते. आपल्या मुलीने पाहिलेला महोत्सव लॅरी लिऑन हॅमलिन यांनी १९८९मध्ये सुरू केला आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षा कवयित्री माया अँजेलो होत्या. परंतु दर दोन वर्षांनी तो काही दिवस भरतो, तो १९७९पासून विन्स्टन-सेलममध्ये काम करणारी नाट्यसंस्था एरवीही अनुदानाचे अर्ज, हिशेब आणि देणगीदारांचा पत्रव्यवहार सांभाळत असते म्हणून.

मुलीलाही काही स्पष्ट सांगायला हवे. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांनी १९२६मध्ये मांडले होते की, कृष्णवर्णीयांची रंगभूमी आपल्याविषयी, आपण केलेली, आपल्यासाठी आणि आपल्या वस्तीजवळ असावी. त्या मंचावरच्या भूमिका ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारल्या गेल्या त्यांच्या आहेत, तिच्या नाहीत. संस्था कोणत्या दिशेने जाईल हेही तीच मंडळी ठरवतील, आणि त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकण्याची तयारी तिला ठेवावी लागेल. महोत्सवातल्या गर्दीचा आनंद खरा आहे, पण तिकिटे न खपलेल्या आठवड्यातही तिला हे काम करावेसे वाटते का, हे तिने स्वतःला विचारावे.

म्हणून मी तिला ना इंजिनिअरिंग सुचवते ना अभिनय. गणित चांगले असलेल्या मुलीने लेखाशास्त्र किंवा व्यवस्थापन मुख्य विषय घ्यावा आणि त्याबरोबर नाट्यशास्त्र शिकावे. आपण ज्याला कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ म्हणता, ते १८९१मध्ये स्थापन झालेले राज्य विद्यापीठ असून सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुले आहे, आणि राज्यातील रहिवाशांना तिथे फीही कमी पडते. तिला प्रयोगाची तांत्रिक बाजू अधिक आवडत असेल, तर विन्स्टन-सेलमच्या राज्य कलाविद्यालयात रंगमंच व्यवस्थापनाची पदवी आहे. प्रवेशपरीक्षा आणि अर्जांच्या मुदती शाळेतील समुपदेशकांकडून समजून घ्याव्यात. पगार इंजिनिअरपेक्षा कमी असेल आणि सुरुवातीची कामे कंत्राटी असतील, हे मी लपवत नाही. पण लेखाशास्त्राची पदवी हातात असेल तर ती उपाशी राहणार नाही. शिवाय हे क्षेत्र एका देशापुरते नाही. आब्दियास दो नासिमेंतो यांनी १९४४मध्ये ब्राझीलच्या रिओत कृष्णवर्णीयांची नाट्यसंस्था काढली, लंडनमध्ये १९८६पासून तलावा ही कृष्णवर्णीयांची नाट्यसंस्था काम करते आहे, घानात पॅनाफेस्ट हा आफ्रिकी कलामहोत्सव भरतो आणि लंडनच्या नॅशनल थिएटरने कृष्णवर्णीय नाटककारांच्या नाटकांचा संग्रह उभारला आहे.

फीविषयीचा शब्द आपण आधी मागे घ्यावा. मग ग्रीन्सबरोला जाऊन नाट्यविभागात विचारा की, पडद्यामागचे काम शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना पगारी काम मिळाले आणि शिकत असताना कोणत्या नाट्यसंस्थांत उमेदवारी करता येते. जाताना मुलीच्या आईलाही सोबत न्या. त्यांचे मत आपल्या पत्रात कुठेच आलेले नाही.