भूकंपाच्या लहरी दूर जाताना क्षीण होतात, मग भुजच्या भूकंपात अहमदाबादेत इमारती कशा पडल्या?

लहर पसरते तशी तीच ऊर्जा मोठ्या क्षेत्रात वाटली जाते. अंतर दुप्पट झालं की खडकाच्या पोटातून जाणाऱ्या लहरीचा आयाम (हेलकाव्याचा आकार) निम्मा होतो. पृष्ठलहरींचा मात्र साधारण ०.७ पट उरतो. शिवाय खडकातल्या घर्षणात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते: खडकाचा 'क्यू' (ऊर्जा किती टिकते ते सांगणारा आकडा; तो जितका मोठा, तितका ऱ्हास कमी) २०० असेल तर दर आवर्तनाला, म्हणजे एका पूर्ण कंपनाला, सुमारे ३ टक्के. जलद कंपनांची तेवढ्याच अंतरात जास्त आवर्तनं होतात, म्हणून ती आधी विरतात आणि संथ हेलकावे उरतात. २६ जानेवारी २००१ ला सुमारे २५० किलोमीटरवर अहमदाबादेत पोचले ते हेच. साबरमतीच्या गाळाने ते आणखी वाढवले, आणि बहुमजली इमारतींची स्वतःची डोलण्याची लयही त्यांच्याशी जुळणारी, म्हणून त्या जास्तच हलल्या. (बांधकामातले दोष होतेच!)